लोकमान्यांचा मधुमेह आणि तुमच्या हिरड्या

गणपतीत केसरीवाड्यात दर्शनाला गेलात की लोकमान्य टिळकांची आठवण होतेच. पण ते मधुमेहाचे रुग्ण होते, हे तुम्हाला माहीत आहे का?

२३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत जन्मलेले बाळ गंगाधर टिळक लहानपणी वडिलांच्या बदलीमुळे पुण्यात आले. तब्येत किरकोळ होती. म्हणून डेक्कन कॉलेजातले पहिले वर्ष त्यांनी अभ्यास बाजूला ठेवून तालीम आणि पोहणे यांतच घालवले. (आजच्या पालकांनी हे चालवून घेतले असते का, शंकाच आहे.) पुढे १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल, १८८१ मध्ये 'केसरी', मग खटले आणि तुरुंगवास. हे सगळे तुम्ही शाळेत शिकला आहात.

२२ जुलै १९०८ च्या रात्री त्यांना सहा वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा झाली. दुसऱ्या दिवशी त्यांचा बावन्नावा वाढदिवस होता. तेव्हा मधुमेह जडलेला होता. शिक्षा पुढे साध्या कैदेत बदलली, पण कैद होती मंडालेला. इन्सुलिनचा शोध लागला १९२१ मध्ये. त्यामुळे टिळकांच्या हाती उपाय एकच होता: खाण्यावरचा ताबा. स्वयंपाकासाठी दिलेल्या मराठी कैद्याच्या मदतीने त्यांनी ते पथ्य पाळले आणि त्याच खोलीत 'गीतारहस्य' लिहिले. जून १९१४ मध्ये सुटका झाली. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत, सरदारगृहात, ताप आणि न्यूमोनियाने ते गेले.

त्यांना सुपारीची आवड होती, असे सहवासातल्या लोकांनी लिहून ठेवले आहे. मधुमेह आणि सुपारी ही जोडी आजही माझ्या पेशंटमध्ये रोज दिसते. शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाच्या हिरड्यांचे निदान मी करणार नाही. तुमच्या हिरड्यांबद्दल मात्र बोलतो.

साखर वाढलेली असली की हिरड्यांतला जंतुसंसर्ग लवकर पसरतो आणि उशिरा बरा होतो. उलट, हिरड्या सुजलेल्या राहिल्या तर साखरही आटोक्यात येत नाही. अशा हिरड्यांवर उपचार केल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी सरासरी ०.४ टक्क्यांच्या आसपास उतरतो, असे अभ्यासांत दिसते. एवढ्यासाठी कधीकधी आम्हाला एक गोळी वाढवावी लागते!

हा आजार बहुतेक वेळा दोन दातांच्या फटीत सुरू होतो, कारण ब्रशचे केस तिथे पोहोचत नाहीत. तिथे बसलेला चिकट थर काढला नाही तर काही दिवसांत तो दगडासारखा कडक होतो. मग घरी काही उपयोग नाही, दंतवैद्याकडून तो खरवडून घ्यावा लागतो. दात घट्ट चिकटलेले असतील तर फ्लॉसचा दोरा वापरा. फटी असतील, आणि चाळिशीनंतर बहुतेकांना असतात, तर फटीत जाणारा बारीक ब्रश जास्त चांगला. तो फटीत सहज सरकला पाहिजे, दाबून घुसवू नका. माप दंतवैद्याकडून एकदा ठरवून घ्या. दिवसातून एकदा, रात्री झोपण्यापूर्वी पुरे. टाचणी, सेफ्टी पिन, काडेपेटीची काडी यांनी मात्र हिरडीला जखमच होते.

पहिल्या दिवशी रक्त येईल. बहुतेक लोक घाबरून तिथेच सोडून देतात. रक्त येते ते हिरडी आधीच सुजलेली असते म्हणून. रोज केले तर एक-दोन आठवड्यांत ते थांबते. नाही थांबले, दात हलू लागले, पू किंवा दुर्गंधी आली, तर दंतवैद्याला दाखवा आणि सोबत साखरेचा ताजा रिपोर्ट न्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तेही सांगा. ती गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

आणि सुपारी खात असाल, तर तोंड पूर्ण उघडते का हे आज आरशात बघा. उघडताना ओढ बसत असेल, किंवा तिखट खाल्ल्यावर आग होत असेल, तर पुढच्या तपासणीपर्यंत थांबू नका.