उस्ताद अल्लादिया खाँ : बसलेल्या आवाजातून उभी राहिलेली गायकी

आवाज बसला की आपण दोन दिवस गुळण्या करतो आणि पुन्हा बोलायला लागतो. पण ज्याचे पोटच गळ्यावर चालते, त्याचा आवाज महिनोन्महिने परत आला नाही तर? जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक आणि कोल्हापूरचे दरबारगायक उस्ताद अल्लादिया खाँ यांच्यावर ही वेळ आली होती.

गाणे घरातलेच

खाँसाहेबांचा जन्म १८५५ चा, राजस्थानातील उणियारा येथला. वडील ख्वाजा अहमद खाँ दरबारी गायक होते. वडिलांच्या मागे काका जहांगीर खाँ यांनी त्यांना वर्षानुवर्षे तालीम दिली. तरुणपणी त्यांचा गळा गोड आणि चपळ होता.

आवाज गेला

पुढे अमलेटा येथील संस्थानिकाच्या आग्रहाखातर ते कित्येक दिवस सलग गात राहिले आणि आवाज गेला. सुमारे दोन वर्षे तो गाण्यालायक नव्हता. परतला तोही जड होऊन. पूर्वीची धार राहिली नाही.

गळ्यात नेमके काय होते?

गळ्यावर बोटे ठेवून आवंढा गिळा. वर-खाली होणारा कठीण भाग म्हणजे स्वरयंत्राची कूर्चा. तिच्या आत दोन स्वरतंतू असतात. पुरुषांमध्ये लांबी जेमतेम दोन सेंटीमीटर. फुप्फुसातून येणाऱ्या हवेने ते थरथरतात आणि एकमेकांवर आपटतात. साध्या बोलण्यातही हे सेकंदाला शंभरेक वेळा किंवा त्याहून अधिक घडते. वरच्या पट्टीत कितीतरी जास्त.

विश्रांतीशिवाय हा मारा चालू राहिला तर तंतूंना सूज येते, गाठी होतात, कधी बारीक रक्तवाहिनी फुटते. जखम भरताना व्रण राहिला तर तंतू ताठर होतो आणि आवाज कायमचा बदलतो.

जिवंत माणसाचे स्वरतंतू आरशाने पाहण्याची युक्ती मान्युएल गार्सिया या गायनशिक्षकाने शोधली. ती त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडली १८५५ मध्ये, म्हणजे खाँसाहेबांच्या जन्मवर्षीच. आज हीच तपासणी कान-नाक-घसा तज्ज्ञ दुर्बिणीने काही मिनिटांत करतात.

आहे त्या गळ्याची गायकी

खाँसाहेबांनी जुना आवाज ओढूनताणून आणण्याचा हट्ट धरला नाही. जड गळ्याला पेलेल अशी मांडणी त्यांनी बसवली : दमसास राखून केलेली आलापी, लयीशी बांधलेली, वळणावळणाची वक्र तान आणि अनवट रागांचा विस्तार. १८९५ च्या सुमारास ते कोल्हापूरला आले आणि शाहू महाराजांच्या निधनापर्यंत, १९२२ पर्यंत, येथे राहिले. नंतर मुंबईत गेले. भास्करबुवा बखले, केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर आणि पुत्र मंजी खाँ व भूर्जी खाँ यांनी ही गायकी पुढे नेली. १६ मार्च १९४६ रोजी, नव्वदी ओलांडून, ते गेले.

आपण काय करावे?

शिक्षक, कीर्तनकार, वकील, भाजीविक्रेते हे सगळे गळ्यावर जगणारेच लोक.

- आवाज बसला असेल तर गाणे, ओरडणे थांबवा. कुजबुजही नको, तिनेही गळ्यावर ताण येतो.
- पाणी पुरेसे प्या. तंबाखू, सिगारेट, दारू टाळा. जळजळ, आंबट ढेकर असतील तर त्यावर उपचार घ्या.
- गाताना किंवा बोलताना आवाज एकाएकी गेला तर ताबडतोब गप्प राहा आणि तज्ज्ञांना दाखवा.
- घोगरेपणा तीन आठवड्यांहून जास्त राहिला तर स्वरयंत्राची तपासणी करून घ्या. तंबाखू घेणाऱ्यांनी तर मुळीच चालढकल करू नये. स्वरयंत्राच्या कर्करोगाची पहिली खूण बहुधा हीच असते आणि तो लवकर सापडला तर बरा होण्याची शक्यता चांगली असते.
- श्वास घेताना घरघर, गिळताना त्रास, थुंकीतून रक्त किंवा मानेत गाठ असेल तर तीन आठवडे थांबू नका.

खाँसाहेबांना दोन वर्षे वाट पाहण्यावाचून इलाज नव्हता. आपल्याला आहे.