मातीची खोली मोजणारा साहेब

भीमा आणि नीरा या दोन नद्यांच्या बेचक्यात इंदापूर तालुका पसरला आहे. उत्तरेला भीमा, दक्षिणेला नीरा आणि पूर्वेच्या टोकाला नीरा-नरसिंहपूर येथे दोघींचा संगम. पश्चिमेला लागूनच बारामती. सह्याद्रीने आपला वाटा ठेवून घेतल्यावर जो पाऊस उरतो तो या भागाच्या नशिबी येतो; वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास. खाली सगळा काळा पाषाण. त्याचीच झीज होऊन माती झाली. पण उताराने आणि पाण्याने ती सगळीकडे सारखी वाटली नाही. नदीकाठी खोल काळी जमीन, तर दोन नद्यांमधल्या माळावर नांगराचा फाळ मुरमाला खरचटावा इतकी उथळ बरड. एकाच गावात, कधी कधी एकाच बांधाच्या अलीकडे आणि पलीकडे, दोन वेगळ्या जमिनी. महाविद्यालयात प्राकृतिक भूगोल म्हणून जे शिकवतात त्यातला बराचसा भाग इथे उघड्यावर पडलेला आहे.

हा धडा सरकारी कागदावर उतरवण्याचे काम ज्याने इथे आरंभले त्याचे नाव हेन्री एडवर्ड गोल्डस्मिड. महसुलाच्या इतिहासात विंगेट आणि गोल्डस्मिड ही जोडनावे प्रसिद्ध आहेत. स्पर्धा परीक्षांची मुले ती पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. मी आयुष्यातली बरीच वर्षे बँकेत काढली. शेतीकर्जाच्या अर्जांना जोडलेले सातबाराचे उतारे हजारोंनी पाहिले. त्या उताऱ्यावर क्षेत्राच्या जवळ ‘आकार’ नावाची एक रक्कम असते, रुपये आणि पैशांतली, आजच्या हिशेबाने नगण्य. कर्ज देताना त्या आकड्याकडे कोणी बघत नसे. मला मात्र तो आकडा कुठून आला याचे कुतूहल असे आणि त्याचा माग काढताना मी या गोल्डस्मिडपाशी येऊन पोहोचलो.

लंडनमधल्या एका सुखवस्तू घरात ९ मे १८१२ रोजी त्याचा जन्म झाला. ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी घडवणाऱ्या हेलिबरी येथील कॉलेजात शिकून १८३२ साली तो मुंबई इलाख्याच्या मुलकी सेवेत दाखल झाला. तीन वर्षांत, महसूल आयुक्त विल्यमसन यांच्या हाताखाली काम करताना, त्याची गाठ इंदापूरशी पडली. तेव्हा त्याचे वय होते तेवीस. आज पदवी हातात घेऊन नोकरीच्या शोधात फिरणाऱ्या मुलाचे असते तेवढे.

त्याच्यापुढे जे इंदापूर होते ते समजून घ्यायचे तर थोडे मागे गेले पाहिजे. हा मुलूख मालोजीराजे आणि शहाजीराजे यांच्या जहागिरीचा. इथे जमीन मोजायची ती काठीने. पाच हात पाच मुठी म्हणजे एक काठी, वीस काठ्यांचे एक पांड, वीस पांडांचा एक बिघा आणि एकशेवीस बिघ्यांचा चाहूर. हात कोणाचा, मूठ कोणाची, यावर जमिनीचे माप कमीजास्त होई; पण गावाला ते कळत असे आणि पाटील-कुलकर्ण्यांना सांभाळून घेता येत असे. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि हा मुलूख कंपनीकडे गेला. पुढे रॉबर्ट कीथ प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्याची नव्याने मोजणी आणि आकारणी केली.

प्रिंगल बुद्धिमान होता. हेलिबरीत अर्थशास्त्र शिकवायला प्रत्यक्ष माल्थस होते आणि रिकार्डोचा खंडाचा सिद्धांत तेव्हा ताजा होता. प्रिंगलने तो सिद्धांत दख्खनच्या मातीला लावला. प्रत्येक जातीच्या जमिनीत किती पिकते, त्यातून बियाणे, बैल, मजुरी असा खर्च किती जातो, हे वजा करून उरते ते निव्वळ उत्पन्न. आणि त्याचे शेकडा पंचावन्न सरकारचे. कागदावर यात खोट काढायला जागा नव्हती. पण कोरडवाहू शेतात या वर्षी दहा मण आणि पुढच्या वर्षी काहीच नाही, अशा ठिकाणी सरासरी काढायची कशाची? आकडे गोळा करणारी माणसे हाताखालची. ज्याने पैसे चारले त्याची काळी जमीन कागदावर बरड झाली आणि ज्याला ते जमले नाही त्याच्या बरडीला काळीचा दर लागला. रयतेच्या छळाच्याही तक्रारी झाल्या. त्यात धान्याचे भाव पडले आणि पावसाने दगा दिला. इंदापूर तालुक्यात शेते ओस पडू लागली. बाकी थकत गेली आणि माणसे घरेदारे सोडून शेजारच्या निजामाच्या मुलखात निघून गेली. आकडा चुकला की गाव उठते, ते असे.

गोल्डस्मिडने हे पाहिले. त्याच्या मदतीला बॉम्बे इंजिनियर्सचा लेफ्टनंट जॉर्ज विंगेट आला. तोही १८१२ सालीच जन्मलेला. या दोन तरुणांनी प्रश्नच बदलला. या जमिनीतून निव्वळ किती सुटते हे विचारणे त्यांनी सोडून दिले, कारण त्याचे खरे उत्तर खुद्द शेतकऱ्यालाही देता येत नव्हते. त्याऐवजी त्यांनी दोन गोष्टी पाहिल्या. गेल्या अनेक वर्षांत या तालुक्याने प्रत्यक्षात किती भरले आणि कधी त्याची कंबर मोडली, ही एक. दुसरी म्हणजे एका शेताची माती शेजारच्या शेताच्या मानाने किती चांगली किंवा किती हिणकस. पहिल्यावरून सगळ्या तालुक्यावरचा बोजा ठरवायचा आणि दुसऱ्यावरून तो शेताशेतांत वाटायचा. काळी, तांबडी आणि बरड अशा तीन जाती आणि प्रत्येकीच्या तीन प्रती, अशा नऊ वर्गांत इंदापूरची माती बसवली गेली. प्रिंगलच्या मोजणीतले जे तपासणीत टिकले ते ठेवले. प्रतवारी मात्र नव्याने केली. दर पुष्कळ खाली आणले, ते १८३६-३७ पासून लागू झाले आणि तीस वर्षे वाढवायचे नाहीत असे ठरले.

पुढे ही पद्धत अधिक रेखीव झाली. १८४० आणि १८४७ सालच्या संयुक्त अहवालांत तिचे नियम आले. दुसऱ्या अहवालावर डेव्हिडसन हे तिसरे नाव आहे. ते नियम समजून घेणे मला कादंबरी वाचण्याइतके रंजक वाटते. मोजणीची साखळी तेहेतीस फुटांची, तिचे सोळा भाग, प्रत्येक भाग एक आणा. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. काटकोन साधायला शंकू. बारामतीत आज प्लॉटचा भाव गुंठ्यावर सांगणाऱ्याला आपण त्या साखळीचे माप बोलतो आहोत याची कल्पना नसते. शेताचा आकार किती असावा? तर एका बैलजोडीने कसता येईल तेवढा. अशा प्रत्येक तुकड्याला एक नंबर, हद्दीला खुणा आणि गावचा एक नकाशा.

पण खरा भूगोल होता तो प्रतवारीत. क्लासर शेतात जाई, शेताचे चौकोन पाडी आणि प्रत्येक चौकोनात माती किती खोल आहे ते पाही. हाताने, म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंतच्या हाताने. बारीक पोताची काळी माती पावणेदोन हात खोल असली तर पहिला वर्ग, सोळा आणे. एक हात असली तर चौथा वर्ग, दहा आणे. पाव हातच असली तर सातवा, साडेचार आणे. शेवटचा नववा वर्ग दोन आण्यांचा. मग दोष बघायचे: चुनखडी आहे का, वाळू मिसळली आहे का, जमीन उताराची आहे का, पाणी मुरते की वरच तुंबते, पुराचे पाणी अंगावरून जाते का. एकेका दोषाला खूण ठरलेली आणि एकेका दोषाला एक वर्ग खाली. म्हणजे हातभर खोल काळी जमीन, पण चुनखडीची आणि उताराची, तर ती दोन पायऱ्या उतरून सहा आण्यांवर येणार. खोली, पोत, उतार, निचरा. पदवीच्या वर्गात मृदेवरच्या प्रकरणात हेच चार शब्द असतात. फरक एवढाच की गोल्डस्मिडच्या कागदावर त्या प्रत्येक शब्दाला आण्यांत किंमत होती आणि ती एका कुटुंबाला दरवर्षी भरायची होती.

या पद्धतीने रयतेला तीन गोष्टी दिल्या. आपल्या शेतावर किती धारा आहे हे आधीच कळू लागले. स्वतःच्या पैशाने विहीर पाडली म्हणून धारा वाढणार नाही याची हमी मिळाली. आणि नको असलेले शेत राजीनामा देऊन सोडण्याची मोकळीक राहिली. ओस पडलेली शेते पुन्हा वहितीत आली. तीस वर्षांनी पाहणी झाली तेव्हा वस्ती, गाड्या, विहिरी सगळेच वाढलेले दिसले.

तरी गोल्डस्मिडला देव्हाऱ्यात बसवायचे माझ्या मनात नाही. १८४३ साली दक्षिण महाराष्ट्रातल्या इनामांची चौकशी सुरू झाली तिचा प्रमुख तोच होता. पिढ्यान् पिढ्या जमीन खाणाऱ्यांना सनद दाखवा म्हटले गेले. ज्यांच्या सनदा वाळवीने खाल्ल्या होत्या त्यांची इनामे धोक्यात आली. त्यातूनच पुढे इनाम कमिशन उभे राहिले आणि १८५७ च्या असंतोषाच्या कारणांत त्याचे नाव घेतले जाते. ज्या माणसाने मातीचा कस तपासताना एवढी समज दाखवली, त्याच्याच हातून कागदाचा कस तपासताना अनेक घरे दुखावली.

दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. नंबर पडलेली, हद्द ठरलेली, धारा हलका असलेली जमीन गहाण ठेवायला सोपी झाली. पूर्वी सावकार पिकावर नजर ठेवून असे; आता तो शेतावर ठेवू लागला आणि कंपनीची कोर्टे त्याच्या बाजूने हुकूमनामे देऊ लागली. हा धोका विंगेटने १८५२ सालीच सरकारला कळवला होता. मुदत संपल्यावर १८६७ साली इंदापूरचा धारा पन्नास टक्क्यांच्या वर वाढवला गेला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचे आणि धान्याचे भाव चढले होते त्या दिवसांवर ही वाढ बेतलेली होती. भाव उतरले, धारा राहिला. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि रोखे जाळले. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते, आज बारामतीत आहे. दख्खनच्या दंग्यांची ती पहिली ठिणगी. जिथे मोजणीचा प्रयोग झाला त्याच्या उशाशीच ती पडावी, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही.

गोल्डस्मिड हे पाहायला नव्हता. मुंबई सरकारच्या सचिवपदापर्यंत तो पोहोचला, पण प्रकृती ढासळली. हवापालटासाठी निघाला असता ३ जानेवारी १८५५ रोजी कैरो येथे तो वारला. वय बेचाळीस. दहा वर्षांनी, १८६५ साली, वर्गणी काढून त्याच्या स्मरणार्थ इंदापूरजवळ डिकसळला प्रवाशांसाठी एक विश्रामगृह बांधले गेले आणि गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी ते खुले केले. डिकसळपर्यंत पुण्याहून रेल्वे १८५८ साली आली होती. पुढे उजनी धरणाच्या पाण्याने त्या काठाचा नकाशाच पालटून टाकला.

नकाशे असे जुने होतात. पाऊस आणि माती एवढेच धरून गोल्डस्मिडने वर्ग पाडले. १८८५ साली नीरेचा डावा कालवा आला आणि त्या वर्गांचा अर्थच फिरला. सोळा आणे ठरलेली खोल काळी माती कालव्याच्या पाण्याने काही ठिकाणी खारवली, चोपण झाली. हॅरोल्ड मान आणि तम्हाणे यांनी १९१० सालीच नीरा खोऱ्यातल्या खाऱ्या जमिनींचा अभ्यास प्रसिद्ध केला. उलट निचऱ्याची मध्यम जमीन पाणी मिळताच सोन्यासारखी पिकली. मातीचा गुण कायमचा नसतो. पाणी बदलले की तोही बदलतो.

आता मोजणीला साखळी लागत नाही. उपग्रहाच्या आधाराने चालणारे रोव्हर यंत्र बांधावर उभे केले की हद्दीचा बिंदू मिळतो, ड्रोनने गावठाणाचे चित्र निघते. बारामती-इंदापूरच्या महाविद्यालयांत भूगोल घेणाऱ्या मुलांनी हे तंत्र जरूर शिकावे. पण यातले कोणतेही यंत्र माती किती हात खोल आहे ते बांधावरून सांगत नाही. त्यासाठी अजूनही शेतात जाऊन खड्डाच घ्यावा लागतो. भूमी अभिलेखच्या दप्तरात जुनी टिपणे आणि प्रतवारीची बुके असतात. माझे प्राध्यापक मंडळींना एवढेच सांगणे आहे की, प्रात्यक्षिकाच्या एका वर्षी त्यांच्या नकला काढून मुलांच्या हातात द्याव्यात आणि प्रत्येकाला आपल्याच शेतात पाठवावे. हातभर खड्डा खणावा, माती चुरून पाहावी, उतार बघावा, आणि घरच्या म्हाताऱ्याला विचारावे की हे शेत कधी गहाण पडले होते का, आणि कशाने सुटले. वहीत दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी लिहाव्यात.