सुरतचे हरिभाई आणि उशिरा आलेला मजनू

माझं घर सुरतेत, लिंबायतला. पालकडे गेलं की संजीवकुमार ऑडिटोरियम दिसतं. नाव रोजचं, पण माणूस नीट माहीत नव्हता. म्हणून या अंकासाठी त्यांच्यावरच लिहायचं ठरवलं.

हरिहर जेठालाल जरीवाला यांचा जन्म ९ जुलै १९३८ चा, सुरतचा. आडनावातच इथली जरी आहे. लहानपणीच ते मुंबईला गेले, इप्टाच्या नाटकांत रमले आणि १९६० मध्ये ‘हम हिंदुस्तानी’तून पडद्यावर आले. ‘दस्तक’ आणि ‘कोशिश’साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. ‘शोले’तला ठाकूर केला तेव्हा ते जेमतेम सदतीस वर्षांचे होते! आमच्या आजीला तर ते कायमचे म्हातारेच वाटायचे.

मला मात्र त्यांचा ‘लव्ह अँड गॉड’ चटका लावून गेला. ‘मुघल-ए-आझम’नंतर के. आसिफ यांनी लैला-मजनूची कथा हाती घेतली. निम्मी लैला आणि गुरुदत्त मजनू. १९६४ मध्ये गुरुदत्त गेले. पुढे मजनूची भूमिका हरिभाईंकडे आली. १९७१ मध्ये आसिफही गेले आणि काम अर्धवट राहिलं. शेवटी आसिफ यांच्या पत्नी अख्तर आसिफ यांनी निर्माते के. सी. बोकाडिया यांच्या मदतीने १९८६ मध्ये तो प्रदर्शित केला. त्याआधीच, ६ नोव्हेंबर १९८५ ला, हृदयविकाराने हरिभाई गेले होते. वय अवघं ४७.

चित्रपट चालला नाही. ‘मुघल-ए-आझम’ची भव्यता शोधणाऱ्यांच्या हाती तुकडे जोडलेली कथा आली. तोवर काळही बदलला होता. नायक, दिग्दर्शक दोघंही हयात नव्हते. मग प्रेक्षकांना दोष कसा द्यायचा?

सुट्टीत मी तो आजीबरोबर पाहिला. कथा मध्येच तुटते, हे खरंच. पण पडद्यावर तिशीतले हरिभाई होते, प्रेमात वेडे झालेले. हा ठाकूरच का, असं आजीने दोनदा विचारलं. ज्यांनी तरुणपणी इतके म्हातारे रंगवले, त्यांना स्वतःला म्हातारपण मिळालं नाही. आणि त्यांचा तरुण मजनू लोकांपुढे आला तो ते गेल्यावर.

पडलेला चित्रपट म्हणून मीही तो सोडून दिला असता. तुम्ही मात्र सोडू नका. एकदा घरच्या मोठ्या माणसांसोबत बसून बघाच.