तीन मूर्ती भवनातील पाहुणा

पक्षाघातातून उठलेल्या माणसाला पुष्कळदा पायापेक्षा संकोचच अधिक अडवतो. चारचौघांत जाणे तो टाळू लागतो. जानेवारी १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे काँग्रेसच्या अधिवेशनात पंडित जवाहरलाल नेहरूंचे डावे अंग पक्षाघाताने दुर्बल झाले. लालबहादूर शास्त्रींना मंत्रिमंडळात परत घेऊन त्यांनी कामाचा भार हलका केला. माणसांचा सहवास मात्र सोडला नाही. फेब्रुवारीत ते दिल्लीस संसदेत पुन्हा दिसू लागले. याहून अवघड भेट पुढेच होती. १९५३ पासून, मधले काही महिने वगळता, बंदिवासात असलेले जुने स्नेही शेख अब्दुल्ला एप्रिलमध्ये सुटले. नेहरूंनी त्यांना तीन मूर्ती भवनात आपल्याच घरी उतरवून घेतले. थकल्या देहाने दुखावलेल्या मित्रासमोर बसणे सोपे नव्हे! २७ मे रोजी नेहरू निवर्तले, तेव्हा अब्दुल्ला त्यांच्याच संमतीने पाकिस्तानात बोलणी करीत होते.