पाठीवरचं मूल

बँकेच्या नोकरीत असताना १९८६ साली माझी बदली मुळशी तालुक्यात पौडला झाली होती. निराधार योजनेचे पैसे काढायला तिथे एक म्हातारी दर महिन्याला येई. तिचं खातं उघडताना मी जन्मतारीख विचारली, तर तिनं तारीख सांगितलीच नाही, प्लेग सांगितला. मोठ्या प्लेगाच्या वेळी आपण परकर नेसू लागलो होतो, त्यावरून काय ते मोजा, असा तिचा हिशेब. मी अंदाजानं एक साल टाकलं आणि अंगठा घेतला.

पुढे ओळख वाढली तशी ती त्या प्लेगाबद्दल बोलू लागली. घरात उंदीर पडायला लागले की सगळा गाव दारांना कड्या घालून माळावर झोपड्या बांधून राहायला जाई. त्या वर्षी शेजारच्या एका पोराच्या जांघेत गाठ आली. गाव निघालं, पण त्याला उचलून न्यायला कुणी पुढे होईना. यापुढचं तिनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. खिडकीशी रांग होती.

मार्च महिना आला की मला ते पोर आठवतं. १० मार्च हा सावित्रीबाई फुले यांचा स्मृतिदिन. त्या दिवशी शाळाशाळांतून त्यांच्या तसबिरीला हार घातला जातो, भिडेवाड्यातल्या १८४८ सालच्या मुलींच्या शाळेची गोष्ट सांगितली जाते, अंगावर पडलेल्या शेणाची गोष्ट सांगितली जाते. ते योग्यच आहे. पण त्या गेल्या कशानं, हे मात्र बहुतेक भाषणांत एका वाक्यात आटोपतं. मला त्या एका वाक्यापाशी थोडं थांबायचं आहे.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ चा, सातारा जिल्ह्यातल्या नायगावचा. खंडोजी नेवसे पाटलांची ही मुलगी नवव्या वर्षी जोतीराव फुल्यांच्या घरी सून म्हणून आली. तिथेच ती शिकली आणि शिक्षिका झाली. या जोडप्याला स्वतःचं मूल झालं नाही. त्या काळी अशा बाईला समाज काय काय ऐकवी, ते आपल्या आज्यांना विचारावं. सावित्रीबाईंच्या अंगणात मात्र मुलांची वाण कधी पडली नाही. फसवल्या गेलेल्या विधवांना गुपचूप बाळंत होता यावं आणि त्यांच्या तान्ह्यांचे जीव वाचावेत म्हणून १८६३ मध्ये दोघांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. तिथली बाळंतपणं सावित्रीबाईंनी निस्तरली. काशीबाई नावाच्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा १८७४ मध्ये त्यांनी पदरात घेतला. तो यशवंत. १८७६-७७ च्या दुष्काळात सत्यशोधक मंडळींनी अन्नछत्रं चालवली, त्या कामातही त्या होत्या. दुसऱ्याचं मूल उचलणं हे त्यांच्यासाठी रोजचं काम होतं.

१८९० च्या नोव्हेंबरात जोतीराव गेले. अंत्ययात्रेत टिटवं सावित्रीबाईंनी धरलं आणि त्यानंतर समाजाचं कामही त्यांनीच धरलं. १८९३ मध्ये सासवडच्या सत्यशोधक परिषदेच्या अध्यक्षस्थानी त्या होत्या.

आणि मग प्लेग आला. मुंबईत मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी तो १८९६ च्या सप्टेंबरात ओळखला. पुण्यात यायला त्याला फार दिवस लागले नाहीत. या रोगाचा जंतू दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये सापडला होता, पण तो उंदराच्या अंगावरच्या पिसूकडून माणसात येतो हे अजून कुणाला ठाऊक नव्हतं. १८९८ मध्ये सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं ते दाखवलं आणि त्यानंतरही कितीतरी वर्षं बड्या डॉक्टरांना ते पटलं नाही. मुंबईत हाफकिन यांनी लस तयार करून १८९७ च्या जानेवारीत ती आधी स्वतःला टोचून घेतली खरी, पण रोग जडल्यावर लसीचा उपयोग नसतो. जोराचा ताप, जांघेत, काखेत नाही तर मानेत अंड्याएवढी गाठ, मग वात. औषध मिळालं नाही तर निम्म्याहून अधिक रोगी काही दिवसांत दगावत. स्ट्रेप्टोमायसिनसारखी औषधं यायला अजून पन्नासेक वर्षं होती. आज वेळेत ओळखलेला प्लेग बरा होतो. १९९४ मध्ये सुरतेतून लोक पळाले ते आपण पाहिलं, पण तेव्हा हातात निदान गोळ्या होत्या.

यशवंत आता डॉक्टर झाले होते, सैन्यात नोकरीला होते. सावित्रीबाईंनी त्यांना बोलावून घेतलं आणि हडपसरला ससाण्यांच्या मळ्यात दवाखाना उघडायला लावला. ससाणे म्हणजे यशवंतांची सासुरवाडी. गावाबाहेरची मोकळी, उजेडाची जागा. औषध म्हणावं असं तिथे फारसं काही नसणार. पाणी पाजायचं, अंग पुसायचं, खाटेशी कुणीतरी बसून राहायचं. वरवर पाहता हे काहीच नाही. पण ज्या घरात रोग्याला सोडून माणसं निघून जात होती, त्या घरांच्या मानानं हे फार होतं.

पुण्याचा प्लेग म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे रँड येतो, घरात शिरणारे गोरे सोजीर येतात, चाफेकर बंधू येतात. २२ जून १८९७ च्या रात्रीचा तो गोळीबार पाठ्यपुस्तकात आहे आणि असायलाच हवा. त्याच वर्षी, त्याच शहराच्या कडेला हा मळाही होता, तो मात्र आमच्या पुस्तकात नव्हता.

मुंढव्याच्या महारवाड्यात बाबाजी गायकवाडांचा मुलगा पांडुरंग तापानं फणफणला आहे, गाठ आली आहे, असं सावित्रीबाईंना कळलं. त्या तिथे गेल्या. त्यांनी त्या पोराला पाठीवर घेतलं आणि हडपसरच्या दवाखान्यात आणलं. वय सहासष्ट. मुंढवा ते हडपसर आज रिक्षानं काही मिनिटांचं अंतर. तेव्हा कच्ची वाट, मार्चचं ऊन आणि पाठीवर ग्लानीतलं मूल. रोगाची भीती जितकी, तितकीच शिवाशिवीची. एरवी ज्या पोराला धडधाकट असतानाही कुणी शिवलं नसतं, त्याला गाठ आल्यावर कोण हात लावणार होतं?

पाठीवरच्या मुलाचं तोंड आपल्या मानेशी येतं. ज्यांनी नातवंडं पाठंगुळी घेतली आहेत त्यांना ते माहीत आहे. प्लेग फुप्फुसात उतरला असेल तर तो श्वासातून येतो, नाही तर कपड्यांतल्या पिसवांतून. मूल पाठीवर घेणाऱ्याला या दोन्ही वाटा उघड्या. वाटा कोणत्या हे सावित्रीबाईंना माहीत नव्हतं, पण रोग माणसं नेतो आहे हे त्या मळ्यात रोज पाहत होत्या. त्या भाबडेपणानं गेल्या असं कुणी म्हटलं तर मला ते मान्य नाही.

त्यांना ताप भरला. १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. घराघरांच्या झडत्या सुरू झाल्या त्या त्याच महिन्यात. डॉ. यशवंत पुन्हा नोकरीवर गेले, आणि पुढे प्लेग परतला तेव्हा पुन्हा रोग्यांमध्ये आले. १९०५ मध्ये तेही त्याच रोगानं गेले.

पांडुरंग वाचला, असं सांगतात.