हेलन केलर यांच्या पदवीमागचे हात

गणराय ही विद्येची देवता. म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी एका विद्यार्थिनीची जीवनकथा निवडली आहे. मी रेल्वेतला डिप्लोमा इंजिनिअर, लेखक नव्हे, तेव्हा वाचकांनी सांभाळून घ्यावे. हेलन केलर यांच्या जिद्दीची गोष्ट आपण सर्वांनी शाळेत ऐकली आहे. पण त्या कॉलेजात कशा शिकल्या आणि त्याचा खर्च कोणी केला, हे फारसे सांगितले जात नाही. मला तोच भाग महत्त्वाचा वाटतो.

हेलन यांचा जन्म २७ जून १८८० रोजी अमेरिकेतील अलाबामा राज्यात टस्कंबिया या गावी झाला. एकोणीस महिन्यांच्या असताना मोठे आजारपण आले आणि दृष्टी व श्रवण दोन्ही गेले. ३ मार्च १८८७ रोजी अ‍ॅन सुलिव्हान ही वीस वर्षांची शिक्षिका घरी आली. ती स्वतः गरिबांसाठीच्या आश्रयगृहात राहिलेली आणि डोळ्यांनी अधू होती. तिने हेलनच्या तळहातावर बोटांनी अक्षरे काढून शिकवायला सुरुवात केली. एके दिवशी पंपाचे पाणी एका हातावर आणि त्याचे नाव दुसऱ्या हातावर असे एकदम आले, तेव्हा प्रत्येक वस्तूला नाव असते हे त्या मुलीला उमगले. इथपर्यंतची कथा सर्वांना ठाऊक आहे.

पुढे हेलन यांनी कॉलेजात जायचे ठरवले. तेही रॅडक्लिफ कॉलेजात, जिथे हार्वर्डचे प्राध्यापक मुलींना शिकवत. बुद्धी होती, पण पैसा नव्हता. त्यांना मदत करणारे बोस्टनचे साखर व्यापारी जॉन स्पॉल्डिंग १८९६ मध्ये वारले आणि त्याच वर्षी वडीलही गेले. फी, राहणे, जेवण, पुस्तके यांशिवाय अ‍ॅनच्या उपजीविकेचाही प्रश्न होता, कारण तिच्याशिवाय वर्गातला एक शब्दही हेलनपर्यंत पोचणार नव्हता.

इथे प्रसिद्ध लेखक मार्क ट्वेन मदतीला आले. हे तेच ट्वेन, जे १८९६ च्या सुरुवातीला भारतात फिरले आणि दार्जिलिंगच्या छोट्या लाईनवरून हातगाडीत बसून घाट उतरले! त्यांनी त्याच वर्षी आपले धनाढ्य मित्र हेन्री रॉजर्स यांच्या पत्नीला पत्र लिहून या मुलीचे शिक्षण थांबू देऊ नका, अशी विनंती केली. रॉजर्स हे स्टँडर्ड ऑइल कंपनीतले बडे भागीदार. धंद्यात अत्यंत कठोर म्हणून त्यांची ख्याती होती. आपल्या जिव्हाळ्याची गोष्ट म्हणजे, कोळसा वाहून नेणारी व्हर्जिनियन रेल्वे पुढे त्यांनीच उभारली, ती १९०९ मध्ये पूर्ण झाली. या गृहस्थांनी हेलन यांचा शिक्षणखर्च उचलला आणि पदवीनंतरही मदत चालू ठेवली. एकदाच देणगी देऊन फोटो काढून मोकळे झाले नाहीत. हेलन यांनी १९०८ चे आपले पुस्तक त्यांनाच अर्पण केले.

पण पैशाने सगळे सुटत नाही. १८९९ च्या प्रवेश परीक्षेत अ‍ॅनला प्रश्न वाचून दाखवायला मनाई झाली. दुसऱ्या एका शिक्षकाने प्रश्नपत्रिका ब्रेलमध्ये उतरवून दिल्या. अडचण बीजगणितात आली. त्या काळी ब्रेलच्या निरनिराळ्या पद्धती होत्या आणि प्रश्नपत्रिकेतली अमेरिकन चिन्हे हेलन यांच्या सरावातली नव्हती. परीक्षा दोन दिवसांवर आली तेव्हा हे लक्षात आले! आपण नव्या सेक्शनवर रोड लर्निंग झाल्याशिवाय ड्रायव्हरला गाडी देत नाही. इथे मात्र त्या मुलीला अनोळखी सिग्नलांवर गाडी हाकावी लागली. तरीही त्या पास झाल्या.

१९०० मध्ये त्या रॅडक्लिफमध्ये दाखल झाल्या. वर्गात अ‍ॅन शेजारी बसून व्याख्यान बोटांनी हातावर उतरवत असे. हात गुंतलेला, त्यामुळे टिपणे काढता येत नसत. घरी आल्यावर आठवेल ते लिहून ठेवायचे. बरीच पुस्तके ब्रेलमध्ये नव्हती. ती अ‍ॅन आपल्या दुखऱ्या डोळ्यांनी तासन्‌तास वाचून हातावर सांगे. उत्तरे हेलन टाईपरायटरवर लिहीत. त्या यंत्राचे अक्षरपट्टे बदलता येत असल्याने ग्रीक आणि गणिताची चिन्हेही उमटवता येत. १९०४ साली हेलन विशेष गुणवत्तेसह बी. ए. झाल्या. अंध-बधिर व्यक्तीने पदवी मिळवण्याची ही जगातली पहिलीच वेळ मानली जाते. अ‍ॅनने तीच व्याख्याने ऐकली, तीच पुस्तके वाचली, पण पदवीच्या कागदावर नाव एकीचेच होते.

पुढचे आयुष्य त्यांनी अंधांच्या कार्याला वाहिले. १९५५ मध्ये, पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, त्या भारतातही येऊन गेल्या. १ जून १९६८ रोजी त्यांचे निधन झाले.

आज आपल्याकडे कायदा आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव आहेत. परीक्षेत ताशी किमान २० मिनिटे जादा वेळ मिळतो. केंद्र सरकारच्या शिष्यवृत्त्याही आहेत. रॉजर्ससारखा दाता भेटण्याच्या नशिबावर आता सगळे अवलंबून नाही, हे फार मोठे पाऊल आहे. पण आमच्या एका सहकाऱ्याच्या दृष्टिहीन मुलीला प्रवेश मिळाला, तेव्हा मी जवळून पाहिले की फी आणि होस्टेलचे डिपॉझिट आधी भरावे लागते. शिष्यवृत्तीचा अर्ज, पडताळणी आणि रक्कम हे सगळे नंतर. मधले चार-सहा महिने कोणी सांभाळायचे? आणि संदर्भग्रंथ वाचून कोणी दाखवायचे?

आपण बदलीच्या निमित्ताने आपला मुलूख सोडून इथे आलो. अडल्या वेळी काका-मामा जवळ नसतात, मंडळ हेच आपले घर. माझी कार्यकारिणीला विनंती आहे की वर्गणीतून उरणाऱ्या रकमेचा काही भाग अशा मुलांना प्रवेशाच्या वेळी उचल म्हणून द्यावा, शिष्यवृत्ती आली की त्यांनी परत करावा. आणि ज्या भगिनींना, निवृत्त बंधूंना वेळ आहे, त्यांनी आठवड्यातून दोन तास पुस्तक वाचून मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून द्यावे. रॉजर्स यांच्याइतका पैसा आपल्यापैकी कोणाकडे नाही. अ‍ॅनसारखे थोडेसे वाचून दाखवणे मात्र प्रत्येकाला जमेल.

गणपती बाप्पा मोरया!