मल्ल खाशाबा जाधव

सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळ गोळेश्वर हे गाव आहे. तेथे १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म झाला. वडील स्वतः मल्ल होते. त्यांच्याच हाताखाली खाशाबा कुस्तीचे पहिले डाव शिकले.

मातीत तयार झालेल्या या मल्लाला १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये गादीवर लढावे लागले. गादीची सवय नसतानाही त्यांनी सहावा क्रमांक मिळवला.

१९५२ साली हेलसिंकीला जाण्यास पैसा नव्हता. गावकऱ्यांनी वर्गणी जमवली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर आपले घर गहाण ठेवून ७००० रुपये दिले. खाशाबांनी या विश्वासाचे चीज केले व कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळात मिळालेले हे पहिले ऑलिंपिक पदक होय.

गावोगावी सत्कार झाले. पण शिष्याला गुरूंच्या घराचा विसर पडला नाही. कुस्त्यांचे फड भरवून त्यांनी पैसा उभा केला आणि ते घर सोडवून दिले.

१९५५ मध्ये ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक झाले. क्रीडाशिक्षक म्हणूनही त्यांनी काम केले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचे निधन झाले.

मुलांनो, खाशाबांचे पदक आठवताना त्यांनी फेडलेले हे ऋणही आठवावे.